कापलेल्या गोळ्या

आरमोरीच्या बाजारातला हा मेडिकलवाला प्रत्येक बाईला ‘माय’ म्हणतो आणि दुखणं पुरतं ऐकण्याआधीच गोळ्यांची पट्टी कापतो. परवा एक बाई हळूच म्हणाली, “पाळी जाऊन कितीक वर्सं झाले. आता पुन्हा रक्त जाऊन राह्यलं.”

“गरमी झाली, माय.” कात्री चाललीसुद्धा.

तिच्यामागे गोळ्या घ्यायला उभा असलेला मी म्हणालो, “बाई, हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सरही असू शकतो. सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात.”

“तिथी बाईच तपासते ना?” तिने त्याला विचारलं.

“मले काय माहीत?”

उत्तर त्याच्याच भिंतीवरच्या सरकारी कॅन्सर तपासणीच्या पोस्टरवर होतं. त्यावर त्याने शॅम्पूच्या माळा टांगल्या होत्या. त्या बाजूला सारून मी मोठ्याने वाचलं, “तपासणी महिलाच करतील.”

बाई दवाखान्याकडे वळली. तो माझ्यावर उखडला, “भाऊ, ह्या कापलेल्या गोळ्या आता कोण घेईन?”