मंडळीच्या वहीतलं नाव

निमोण्याजवळच्या आमच्या बॅप्टिस्ट मंडळीचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण जुनी वही माझ्या ट्रंकेत होती. इतिहास तरी काय, पत्र्याचं चर्च, मागे दफनभूमी आणि शेजारच्या मळ्यातली विहीर. तान्ह्या बाळाला आम्ही बाप्तिस्मा देत नाही. माणूस कळता होऊन स्वतः हो म्हणाला, की पाळक त्याला विहिरीत उतरवून पूर्ण बुडवून काढत आणि मग त्याचं नाव वहीत चढे. पुढे मंडळीबाहेर लग्न केलं, तर त्याच नावावर तांबड्या शाईची रेघ, म्हणजे माणूस मंडळीतून बाद. ती रेघ मारायचा अधिकार वही सांभाळणाऱ्या माझ्या वडिलांकडे होता आणि त्यांनी तो कधी वाया जाऊ दिला नाही.

संशय घेणं मी त्यांच्याकडूनच शिकलो. कारखाने आल्यापासून तर मोटारसायकलवरचा प्रत्येक अनोळखी माणूस मला जमिनीचा दलालच वाटतो. गेल्या उन्हाळ्यात सणसवाडीहून असाच एक चाळिशीतला माणूस आला, अंगात कंपनीचा शर्ट. आधी दफनभूमीत शिरला, कुंपणालगतची मोकळी जागा पावलांनी मोजली, मोबाईलवर फोटो काढला. मग माझ्याकडे येऊन आईचं नाव सांगून म्हणाला, ती इथली आहे, तिच्या बाप्तिस्म्याची नोंद बघायची आहे.

कशाला, असं मी विचारलं. घरचं काम आहे, म्हणाला. दलालही हेच सांगतात. राहता कुठे, आई गावातून कधी गेली, आत्ताच कशी आठवण झाली, असं मी त्याला खोदून खोदून विचारलं. सणसवाडीच्या चौकामागे भाड्याच्या खोलीत राहतो, एवढं सांगून तो खाली बघत राहिला. माझी खात्रीच पटली. तिचं नाव वहीत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. "एकदा बघा की, मामा," तो म्हणाला. बघितलंय, मी म्हणालो. वही उघडलीसुद्धा नव्हती.

तो गेल्यावर जमीन वाचवल्याच्या थाटात मी पाळकांना सगळं रंगवून सांगितलं.

दोनेक आठवड्यांनी इतिहासासाठी नावं उतरवताना त्याच्या आईचं नाव समोर आलं. वडिलांचंच अक्षर. पुढे 'बाहेर लग्न' असा शेरा होता, पण रेघ नव्हती. वडिलांनी हिचीच गय का केली, कोण जाणे. वही पिशवीत घालून मी सणसवाडी गाठली आणि विचारत विचारत त्याची खोली शोधून काढली. भिंतीवर आईचा फोटो होता. फोटोला ताजा हार होता.

मी वही उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने त्या नावावरून दोनदा बोट फिरवलं. मग हळूहळू सांगितलं. आई अंथरुणाला खिळली होती. मंडळीच्या दफनभूमीत माती मिळावी एवढीच तिची इच्छा होती, म्हणून तो जागा बघून गेला. पण नाव कापलेलं असलं तर तिथे नेऊ नकोस, असंही तिने बजावलं होतं. शेवटी सासरच्या रीतीने तिला अग्नी दिला.

हे तेव्हाच का सांगितलं नाही, म्हणून मी उलटा त्याच्यावरच डाफरलो. माझीच मला लाज वाटत होती, दुसरं काय.

"तुम्ही नाव न्हाई म्हणला, मी घरी यिऊन तिला तसंच सांगितलं," तो म्हणाला. "ती म्हणली, बरोबर हाय त्यांचं, चूक माझीच व्हती. त्यांचा राग धरू नगंस."

मग त्याने माझ्यासाठी चहा ठेवला.