वेठीला बदली

वेठ हा शब्द माझ्या तोंडी फार होता. स्नानसंध्या आटोपली की म्हणायचो, "झाली एकदाची वेठ." सासुरवाडीला जायचं झालं तरी वेठच. माणसं वेठीला धरून आणणं हीच माझी चाकरी, तरी तो शब्द मला कधी जड लागला नाही.

कात्रजच्या तळ्याचं पाणी जमिनीखालच्या नळाने शहरातल्या हौदांत येतं. नळावर मध्ये मध्ये विहिरीसारखे उसासे बांधले आहेत. उन्हाळ्याच्या तोंडी त्यांत उतरून गाळ उपसावा लागतो. काम बिनमजुरीचं. यंदा बिबवेवाडीची माणसं मी आणली होती.

दुपारी त्यांतल्या एकाने उसाशातून वर येऊन पाटी खाली ठेवली.

"पंत, आज माझी मोटेची पाळी हाय. हीर समद्या भावकीची. आज हुकली तर कांद्याचं रोप जळंल."

"मागल्या वेळीही हेच म्हणालास."

"मागल्या वेळीबी जळलंच की."

वर दोर ओढणारे दोघे हसले. मला हसू आलं नाही. शहराला पाणी पोचावं म्हणून त्याच्या वाफ्याचं पाणी मी दुसऱ्यांदा तोडत होतो.

वेठीला बदली माणूस चालतो, असा रिवाज आहे. पण तिथे मोकळा असा मीच होतो. पागोटं काढून दगडावर ठेवलं.

"जा तू. मी उतरतो."

"तुमी? पंत, मंत्र म्हनून गाळ निघत न्हाई बरं."

"जा म्हटलं ना! ऊन कलायच्या आत मोट जुंप."

आत कंबर सरळ करायला जागा नव्हती. पाटी भरायची, ओढत न्यायची, दोराला लावायची, की पुढची तयार. थोड्याच वेळात पाट्या अर्ध्याच भरू लागलो. वर यावंसं कितीदा वाटलं. आलो नाही.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच म्हणाली, "अहो, आज संध्या चिखलातच उरकलीत वाटतं?"

मी सगळं सांगितलं. पुढे काय करणार तेही सांगितलं.

"आणि चाकरी गेली तर?"

"गेली तर दुसरी बघेन."

सकाळी अंग हलत नव्हतं, तरी बिबवेवाडीपर्यंत चालत गेलो. कांद्याचे वाफे ओले होते. तिथूनच मागे फिरलो आणि कचेरीची वाट धरली. गाळ काढणाऱ्यांना मजुरी ठरल्याशिवाय मी एकही माणूस आणणार नाही, हे तोंडावर सांगायचं होतं.