एक क्रमांकाचा सोफा

कुळगावच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत गणिताला प्रथमच जागा मिळाली, ती तिथल्या ग्रंथपालबाईंच्या हट्टामुळे. व्याख्यान फसले तर पुढच्या वर्षी हा विषय नाही, असे अध्यक्षांनी त्यांना बजावले होते. अंबरनाथहून मी पोहोचले, तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे त्याने उपकार केल्यासारखे पाहत होत्या.

मी कवितेच्या वाटेने गणिताकडे आले. संख्या मला आधी ऐकू येतात, मग दिसतात. म्हणून फळ्यावर थोडेच लिहायचे आणि समोरच्या माणसांनाच अंक करायचे, ही माझी रीत.

त्या संध्याकाळी, संगणक मूळ संख्या कशा चाळून काढतो, हे दाखवायचे होते. खुर्च्यांना मी पुढून क्रमांक दिले. दोनने बसून राहायचे, दोनच्या पाढ्यातल्या बाकीच्यांनी उठायचे. मग तीनच्या पाढ्याने, मग पाचच्या. शेवटी बसून उरतील त्या मूळ संख्या. लोखंडी खुर्च्या फरशीवर करकरल्या, कडक इस्त्रीच्या साड्या सळसळल्या. सात क्रमांकाचे गृहस्थ परीक्षेत पहिले आल्यासारखे ताठ बसले होते.

पुढचा कडेचा सोफा मात्र, रिवाजाप्रमाणे, अध्यक्षांचा. क्रमांक एक. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. कारखान्यातल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले ते गृहस्थ मांडीवर शाल घेऊन वाट पाहत होते.

"मॅडम, मला कुणी उठवलंच नाही. म्हणजे मी मूळ ना?"

हो म्हणणे सोपे होते. मागे भिंतीशी उभ्या ग्रंथपालबाई डोळ्यांनी तेच विनवत होत्या. लयीसाठी मी कवितेत शब्द वाकवले आहेत. संख्या वाकवता येत नाही.

"नाही, सर. एक मूळही नाही आणि संयुक्तही नाही."

"मग मी कोण?"

मी सांगितले, की बारा म्हणजे दोन, दोन आणि तीन यांचा गुणाकार. मूळ संख्यांत बाराची फोड दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने होत नाही. एकला मूळ मानले, तर तो या फोडीत हवा तितक्या वेळा घुसवता येईल, आणि ती कधी पुरी झाली असे म्हणताच येणार नाही.

शालीच्या काठावरून ते बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे अध्यक्ष प्रत्येक कामात घुसला, तर काम संपायचं नाही." कार्यकारिणीला हे केव्हाचेच ठाऊक आहे, असे मागून कुणीतरी पुटपुटले आणि सभागृहभर हसू पसरले. ग्रंथपालबाई हसल्या नाहीत.

अध्यक्षीय भाषण झालेच नाही. तो वेळ त्यांनी श्रोत्यांच्या प्रश्नांना दिला. नंतर आल्याच्या चहाच्या वाफेत ते ग्रंथपालबाईंजवळ आले.

"पुढच्या वर्षीही ठेवा गणित. पण मला त्या सोफ्यावर बसवू नका, बाई. बाकी सगळे खेळात होते. मी आपला नुसता बघत होतो."

बाईंनी बरे म्हटले. मग कप खाली ठेवून त्यांनी पुढच्या वर्षीच्या यादीत पहिला विषय गणित लिहिला.