सुदृढ बालकाचा हार

विसरवाडीत माझ्या किराणा दुकानासमोरच अंगणवाडी आहे. तिथल्या सेविकाबाई तपासणीला येणाऱ्या साहेबांशी पुस्तकातलं मराठी बोलतात, पण राग आला की अहिराणीवर येतात. गल्लीतली पोरं घरून वाटीभर रेशनचा तांदूळ आणतात नि माझ्याकडून तळलेल्या नळ्यांचा पुडा नेतात. बाईंनी ती वाटी रस्त्यातच गाठली, तर तांदूळ त्यांच्या पातेल्यात जातो आणि पोराला पुड्याऐवजी गरम खिचडी मिळते.

परवा अंगणवाडीत सुदृढ बालकाची निवड होती, म्हणून साहेब आले होते. आपल्याकडे साहेबांना सदा हाडकुळी पोरंच दिसायची. त्यामुळे एका मजुराची गुबगुबीत मुलगी बघून ते खूश झाले आणि तिलाच हार घालायला निघाले. बाईंनी मुलीला पोटाशी धरलं नि हार मधेच अडवला.

"साहेब, हाई पोर सुदृढ नई शे. दोन पायऱ्या चढनी का धापा टाकस."

मग त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं.

"हार घालनाच व्हई तं त्या शेठले घाला. हिना घरनं रेशन तठेच जास."

साहेब हसले. मला हसता आलं नाही. पुड्यांच्या माळा अजून दुकानात लटकतात, पण पोर वाटी घेऊन आलं की माळेला हात घालण्याआधी मी समोर अंगणवाडीकडे बघतो.