हात धरून आणणाऱ्या वत्सलाताई

डॉ. वत्सला मेश्राम यांची आणि माझी ओळख १९९९ सालची. सालेकसा भागातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात मी नुकताच वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. ताई दंतवैद्य. आठवड्यातून दोन दिवस गोंदियाहून पॅसेंजरने येत. पहिल्याच दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही पेशंटची जीभ बघता, मग हिरड्या का नाही बघत?" मी हसून उत्तर दिले, "ताई, दात तुमचे, बाकीचा माणूस माझा." तेव्हा हे वाक्य मला मोठे चटकदार वाटले होते.

ताईंचे म्हणणे साधे होते. शहरातला माणूस दात ठणकला की दाखवायला येतो. आमच्या भागातली माणसे दात पडला की 'सुटलो' म्हणत. हिरड्यांतून पू येई, चावता येत नसे, मग नुसती पेज पिऊन ती धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, राबत. त्या तोंडातच मधुमेहासारख्या आजाराची पहिली खूण दिसते आणि हिरड्या सडल्या की साखरही आवरत नाही, हे ताई आम्हाला पुनःपुन्हा सांगत. आम्ही मान डोलवत असू, एवढेच.

एका उन्हाळ्यात त्यांच्याकडे फुलनबाई आल्या. वय चाळिशीच्या आसपास, विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडणाऱ्या. "दात हालून राहिले जी, अन् सारखी तहान लागते," असे त्यांनी ताईंना सांगितले. ताईंनी चिठ्ठी लिहून त्यांना माझ्याकडे पाठवले: 'रक्तातली साखर आजच तपासावी.' माझ्यापुढे रांग होती. मी चिठ्ठी वाचली, पेपरवेटखाली सरकवली आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. फुलनबाईंनी विचारले, "रगत नाही तपासत का?" मी म्हणालो, "दातानं कोणी मरत नाही, बाई."

पावसाळ्याच्या तोंडावर त्या परत आल्या, त्या बाजेवरून. पायाला काटा लागल्याचे निमित्त झाले होते आणि पाऊल काळे पडले होते. साखर भयंकर वाढलेली. त्यांना गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात हलवले, पण गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. ताई रोज घरून मऊ भात आणि वरण घेऊन त्यांच्या खाटेपाशी जात. मी एकदाच गेलो.

तिथल्या व्हरांड्यात ताईंनी मला विचारले, "माझी चिठ्ठी मिळाली नव्हती का?"

"नाही," मी म्हणालो.

ताई म्हणाल्या, "वाटेत पडली असेल. चूक माझीच. चिठ्ठीवर विसंबायला नको होतं."

त्या दिवसापासून ताईंनी चिठ्ठी लिहिणे बंद केले. संशय आला की त्या आपली खुर्ची सोडून उठत, रुग्णाचा हात धरून अंगण ओलांडत आणि माझ्यासमोर आणून बसवत. "हे तुमचे, डॉक्टर. मी इथंच उभी आहे." गुडघे दुखू लागल्यावरही त्यांनी हा नेम मोडला नाही. पुढे आम्ही तोंड, साखर आणि रक्तदाब एकाच टेबलावर तपासू लागलो. गरोदर बायांच्या हिरड्याही पाहू लागलो. वेळेत सापडलेल्या रुग्णांचे आशीर्वाद मलाही मिळाले. कौतुक झाले की मी ते ऐकून घेई. ताईंचा हा नेम माझ्या एका खोट्या शब्दातून सुरू झाला, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा पेन उचलवेना. शेवटी गोंदियाला त्यांच्या घरी जाऊन सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. चहाचा कप तसाच गार झाला. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी स्वतःला बोल लावत होते, डॉक्टर." आणि गार चहा बाजूला सारत, "मला सांगितलंत, बरं केलंत. आता तिला जाऊन सांगा."

मी गेलो. फुलनबाई ओसरीवर मोहफुले निवडत होत्या. माझे बोलणे संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"आता कायले सांगून राहिले, डॉक्टर? पाय उगवते का?" त्या म्हणाल्या. "तवा काऊन नाही तपासलं?"

 

गौरवलेखात असे काही लिहू नये, असा संकेत आहे. पण ताईंचा मोठेपणा सांगायला माझ्याकडे याहून खरी हकिकत नाही. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे बरे राहोत, त्यांना पुष्कळ विश्रांती मिळो. आणि यापुढे आमच्यापैकी कोणाचीही चूक त्यांना आपली मानून वाहावी न लागो.