वांगी विकून पास

त्या साहेबाचं नाव मी विचारलं नाही. भांडायला गेलेला माणूस नाव विचारत नसतो.

माझी नात तेलंगणात, बेल्याकडच्या मराठी शाळेत नववीला होती. तेलुगूचा पेपर सक्तीचा, अन् तो तिला लिहिता येत नव्हता. माझा पोरगा, तिचा बाप, म्हणायचा, "नापास झाली का कापूस येचाले लावतो." त्या वर्षी बोलण्याचेही मार्क धरायचा नवा नियम आला. त्यासाठी आदिलाबादेहून हा तेलुगू साहेब आला. पोरीला नापास केलं तं भांडायचंच, असं ठरवून मी शाळेच्या दारात जाऊन उभा राहिलो. चांगला जाडजूड माणूस, पण खुर्ची सोडून पोरांसमोर सतरंजीवर मांडी घालून बसला. घाम पुसायचा अन् रुमाल गुडघ्यावर वाळत घालायचा.

नात उभी राहिली ती गप्पच. मी दारातून ओरडलो, "बोल ना वं! बाजारात इकताना तं तेलुगूत तोंड थांबत नाही तुयं!"

साहेबानं हिंदीत विचारलं, "बाज़ार में क्या बेचती है?"

"वांगी," मीच सांगितलं.

त्यानं रुमाल सतरंजीवर पसरला, म्हणाला, ही तुझी वांगी. मग तेलुगूत भाव विचारला अन् पोरगी सुटली. तो भाव पाडायचा, ही हटायची नाही. शेवटी तेलुगूतच म्हणाली, कालची शिळी घ्या, ती स्वस्त देते. पोरं खो खो हसली.

साहेब माझ्याकडे वळला. "बाबा, लड़की पास. पर बैंगन महँगे देती है."

रामराम मी कुणाला आधी घालत नाही. त्याला घातला.

घरी पोचायच्या आधीच, रस्त्यावरून पोराला हाक दिली, "कापूस येचाले दुसरं कोणी पाहय रे!"