चिनीमातीच्या हातांवरचे मोजे

चून हॉकच्या वर्कशॉपमध्ये मी फिटर होतो. मलेशियातल्या तैपिंगच्या त्या गल्लीत सगळे त्याला टौके म्हणायचे, म्हणजे मालक. माणूस तापट आणि बढाईखोर, पण त्याची बढाई खोटी नसायची.

त्याची बायको स्यू ईन रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात होती. तिथे साखळीला टांगलेले चिनीमातीचे हात रबराच्या चिकात बुडून, भट्टीतून भाजून बाहेर येत आणि रांगेत उभ्या बायका त्यांच्यावरचे गरम मोजे ओरबाडून काढत. स्यू ईनच्या बोटांची साल कायम निघालेली. जेवताना तिला मिरचीचा सांबाल हाताने कालवता येत नसे.

"हे काम यंत्राचं आहे," असं म्हणून टौके तसं यंत्र बनवायच्या मागे लागला. यंत्रं आधीही होती, पण ती मोजा बोटांपाशी फाडत. याने मोज्याच्या काठाखालून हवेचा झोत सोडला. मोजा फुगून साच्यापासून सुटायचा, मग रबरी चिमटे तो अलगद उतरवायचे. पहिला मोजा अख्खा निघाला, तेव्हा टौके मशीनसमोर नाचला. त्याची मुलगी पेई शान तेव्हा शाळेत शिकत होती. तिने फोनवर चित्रीकरण केलं.

"पपा, नीट समजावून सांग ना, कसं चालतं ते!"

आणि त्याने सांगितलं. झाकण उघडून, बोट लावून लावून.

पेटंटचा अर्ज मात्र रखडला. "हजारात एखादा अजून फाटतोय, मुनियांडी. अर्धवट पोराचं बारसं कशाला करू?" असं तो मला म्हणायचा. वर्ष उलटून गेल्यावर त्याने अर्ज केला. वकिलाने विचारलं होतं, "हे आधी बाहेर कुणाला दाखवलंत?" टौके म्हणाला, "घरच्यांखेरीज कुणालाही नाही." त्याला तसंच वाटत होतं.

पेटंट मिळालं. दोन कारखान्यांनी यंत्रं घेतली. मग एका मोठ्या कंपनीने हुबेहूब तसंच यंत्र विकायला काढलं, आणि टौके कोर्टात गेला. मीही त्याच्याबरोबर असायचो.

कंपनीच्या वकिलाने पडद्यावर एक व्हिडिओ लावला. पेई शानने तो काढला त्याच दिवशी मैत्रिणींसाठी इंटरनेटवर टाकला होता. खाली तारीख होती. कोर्टात तिचा हसरा आवाज घुमला, आणि पाठोपाठ टौकेचा, एकेक भाग समजावणारा. अर्जाआधी वर्षाहून जास्त काळ जे जगाला खुलं होतं, त्यावर हक्क कसला सांगणार? पेटंट रद्द झालं.

पेई शान मागच्या बाकावर बसली होती. बाहेर आल्यावर ती रडत म्हणाली, "पपा, मला तुझं कौतुक वाटलं म्हणून टाकला."

"माहीत आहे," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता गाडीत जाऊन बसला.

तो तिला कधी रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. ती नोकरीला सिंगापूरला गेली. इकडे कंपनीची यंत्रं सगळीकडे बसली, आणि स्यू ईनच्या रांगेतल्या बायकांना घरी पाठवलं. तिलाही.

पेई शानचं लग्न सिंगापूरला झालं. मीही गेलो होतो. जेवणाच्या मध्यात टौकेला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याने ग्लास उचलला आणि जावयाकडे वळला.

"पोरगी गुणाची आहे. फक्त घरातली गोष्ट हिच्यासमोर बोलू नकोस. सकाळी गावभर झालेली असेल."

पाहुणे खदाखदा हसले. जावईही हसला, त्याला काही ठाऊक नव्हतं. पेई शानने हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. ती एवढंच म्हणाली, "पपा, मी चौदा वर्षांची होते रे."

टौके ग्लास रिकामा करून खाली बसला.

परतीच्या बसमध्ये स्यू ईन त्याच्या शेजारी बसली नाही, माझ्या बाजूला येऊन बसली. वाटेत तो एकदा मागे वळून म्हणाला, "अगं, गंमत केली मी."

"गंमत नव्हती ती," ती म्हणाली. "इतकी वर्षं जपून ठेवलं होतंत तुम्ही ते."

पेई शान अजून दर रविवारी फोन करते, आईला. टौके तेव्हा वर्कशॉपमध्ये जातो आणि लेथ सुरू करतो, त्यावर काही काम नसलं तरी.